डोळ्याच्या खोबणीचा सी.टी. स्कॅन : वैद्यास काय ठाऊक असावे

एका बाजूची पापणी सुजलेला, डोळा लाल झालेला रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा तो नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आलेला नसतो. घरी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळा धुणे, दुधाची पट्टी, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले थेंब असे उपचार आटोपून दोन-तीन दिवसांनी तो वैद्याची पायरी चढतो. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना अभिष्यंद, अंजननामिका म्हणजे आपली रांजणवाडी, किंवा पापणीपुरता मर्यादित शोथ असतो. ते आपल्या चिकित्सेने बरे होतात. थोड्यांचा विकार मात्र डोळ्यात नसून डोळ्याच्या मागे, खोबणीत असतो. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाची दृष्टी काही तासांत वा एक-दोन दिवसांत कायमची जाऊ शकते, आणि तो प्रथम आपल्याच समोर बसलेला असतो. यास्तव नेत्रगुहेच्या सी.टी. स्कॅनसंबंधी प्रत्येक वैद्यास किमान माहिती असणे अगत्याचे आहे. कोणास पाठवावे, कोणास पाठवू नये, रुग्णास काय सांगावे आणि हाती आलेला अहवाल कसा वाचावा, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खोबण आणि तिच्या भिंती

खोबण ही सात अस्थींनी बनलेली, मागे निमुळती होत जाणारी पोकळी होय. प्रौढ व्यक्तीत तिचे आकारमान सुमारे ३० मिलिलीटर असते. त्यात नेत्रगोलाचा वाटा केवळ ७ मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे पाव हिश्शाहूनही कमी. उरलेली जागा मेद, डोळा फिरविणाऱ्या सहा पेशी, पापणी उचलणारी पेशी, अश्रुग्रंथी, रक्तवाहिन्या आणि दृष्टिनाडी यांनी व्यापलेली असते. या पोकळीला चारही बाजूंनी अस्थींचे कुंपण आहे. मोकळी बाजू एकच, पुढची. त्यामुळे आत सूज, पू, रक्त वा गाठ यांपैकी काहीही वाढले की नेत्रगोल पुढे ढकलला जातो, आणि ढकलला जाण्यास वाव उरला नाही की दाब दृष्टिनाडीवर येतो.

निसर्गाने येथे एक सोय केली आहे. नेत्रगोलापासून खोबणीच्या टोकापर्यंतचे अंतर २० मिलिमीटरच्या आसपास असले, तरी तेथील दृष्टिनाडीची लांबी त्याहून अधिक, २५ मिलिमीटर वा थोडी जास्तच असते. ती किंचित सैल, वळण घेऊन गेलेली असते. डोळा हलताना ती ताणली जात नाही, आणि नेत्रगोल हळूहळू पुढे आला तर काही काळ हा सैलपणा पुरतो. तो संपला की नाडीला ताण बसू लागतो.

भिंतींची जाडी सर्वत्र सारखी नाही. कानशिलाकडील भिंत दणकट आहे. नाकाकडील भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तिला लॅटिनमध्ये कागदी पत्रा अशा अर्थाचेच नाव आहे. खोबणीचा तळ म्हणजे गालाच्या अस्थीतील पोकळीचे, अर्थात मॅक्सिलरी सायनसचे छत. म्हणजे डोळा आणि नाकाभोवतालच्या पोकळ्या यांच्यात पातळसा पडदाच आहे असे म्हटले तरी चालेल. प्रतिश्यायातून नेत्रगुहेत पू उतरणे, काळ्या बुरशीचा नाकातून डोळ्याकडे प्रवास, आणि ठोसा बसताच तळाची भिंत फुटणे, हे तिन्ही प्रकार या एका रचनेतून समजतात.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या आरंभीचे १९ अध्याय नेत्ररोगांस देऊन ७६ व्याधी वर्णिल्या आहेत. पटलांच्या वर्णनात तेजोजल, मांस, मेद व अस्थि यांचा आश्रय सांगितला आहे. सी.टी.च्या चित्रातही पेशी, मेद व अस्थि हेच तीन घटक प्रामुख्याने डोळ्यांत भरतात. हे साम्य विद्यार्थ्यांस स्मरणासाठी सोयीचे असले तरी पटलांचे वर्णन तिमिराच्या संदर्भात आहे. त्याची ओढूनताणून सी.टी.शी सांगड घालण्याचा मोह टाळलेला बरा.

यंत्र काय पाहते

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात या यंत्राद्वारे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने ते घडविले. त्यामागील गणिताचा विचार ॲलन कॉर्मॅक यांनी स्वतंत्रपणे केला होता. दोघांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, पलीकडे पोहोचलेले किरण मोजले जातात आणि संगणक त्यांवरून शरीराचे पातळ काप रचतो. प्रत्येक सूक्ष्म बिंदूस हाउन्सफील्ड यांच्या नावाचे एकक लावतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, मेद सामान्यतः उणे ५० ते उणे १००, पेशी अधिक ४० ते ६०, ताजे गोठलेले रक्त त्याहून थोडे वर, आणि अस्थि अनेक शेकडा ते हजारावर.

ही आकडेवारी पाठ करण्याचे कारण नाही. तिच्यातील मर्म मात्र ध्यानात घ्यावे. खोबणीत मेद भरपूर आहे आणि तो चित्रात काळसर दिसतो. त्या काळ्या पार्श्वभूमीवर करड्या पेशी, दृष्टिनाडी व गाठी आपोआप उठून दिसतात. म्हणूनच शरीराच्या इतर भागांत जेथे शिरेतून रंगद्रव्य दिल्याशिवाय काही कळत नाही, तेथे खोबणीच्या पुष्कळ विकारांत साधा स्कॅनही बरेच काही सांगून जातो.

आधुनिक यंत्रात सारा भाग एक मिलिमीटर वा त्याहून पातळ कापांत काही सेकंदांतच टिपला जातो. त्यावरून संगणक आडवे, समोरून पाहिल्यासारखे व बाजूने पाहिल्यासारखे असे तिन्ही दिशांचे काप तयार करतो. खोबणीचा तळ फुटला आहे काय हे आडव्या कापात सहज निसटते, समोरच्या कापात स्पष्ट दिसते. येथे एक व्यावहारिक सूचना. चिठ्ठीत नुसते 'डोक्याचा सी.टी.' असे लिहू नये. मेंदूसाठी केलेल्या स्कॅनमध्ये काप जाड असू शकतात आणि खोबणीचा खालचा भाग पुरता येईलच असे नाही. 'ऑर्बिट व पॅरानेसल सायनस' असे स्पष्ट लिहावे. बाजू कोणती, किती दिवसांपासून, दृष्टी कशी आहे आणि आपणांस शंका कशाची आहे, हे दोन ओळींत नमूद करावे. चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञास या दोन ओळींचा फार उपयोग होतो.

कोणास पाठवावे

यंत्राकडे पाठविण्यापूर्वी वैद्याने आपल्या खोलीत पाच मिनिटांची तपासणी करावी. तिला बॅटरीखेरीज साधन लागत नाही. एकेक डोळा झाकून दुसऱ्याने अक्षरे किंवा बोटे मोजावयास सांगावीत. सूज इतकी असेल की पापणी उघडत नाही, तर ती हलक्या हाताने उघडून पाहावी. पापणी उघडली नाही म्हणून दृष्टी न तपासणे हे अक्षम्य आहे. डोळे वर, खाली, आत, बाहेर फिरविण्यास सांगावे. फिरविताना वेदना होतात काय, एक डोळा मागे पडतो काय, एकाची दोन दिसतात काय, हे विचारावे. बॅटरीचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आळीपाळीने टाकावा. प्रकाश रुग्ण डोळ्यावर येताच बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होऊ लागली तर दृष्टिनाडी दुखावली आहे असे समजावे. लाल रंगाची वस्तू दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते काय? रुग्ण डोळ्यास ती फिकी दिसत असेल तर तेही नाडीवरील दाबाचे लक्षण होय. शेवटी रुग्णास खुर्चीत बसवून त्याच्या मागे उभे राहावे आणि भुवयांवरून खाली पाहावे. कोणता डोळा पुढे आला आहे हे समोरून पाहण्यापेक्षा असे अधिक चांगले कळते.

पापणी सुजलेली, परंतु दृष्टी उत्तम, डोळा चोहीकडे विनासायास फिरतो, पुढे आलेला नाही, अशा रुग्णाचा शोथ बहुधा पापणीच्या पडद्यापुढेच आहे. दोन्ही अक्षिकूटांवर वेदनारहित, सकाळी वाढणारी सूज असेल तर पांडू, वृक्कविकार यांचा विचार करावा. तेथे रक्त-मूत्र तपासणी हवी, सी.टी. नव्हे. याउलट एका बाजूची सूज, ज्वर, डोळा हलविताना वेदना, हालचाल मर्यादित, नेत्रगोल पुढे आलेला, दृष्टी मंद, यांपैकी काहीही आढळले तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

मुलांमध्ये हा प्रसंग विशेष येतो. आठवडाभर सर्दी, मग एके सकाळी एक डोळा सुजून बंद. नाकाकडील कागदी भिंतीपलीकडच्या सायनसमधील जंतुसंसर्ग खोबणीत उतरलेला असतो. चँडलर यांनी १९७० साली या विकाराच्या पाच अवस्था सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत : पडद्यापुढील शोथ, खोबणीतील शोथ, अस्थीच्या आवरणाखाली साचलेला पू, खोबणीत साचलेला पू, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेत रक्त गोठणे. बाहेरून दुसरी व तिसरी अवस्था ओळखणे कठीण; सी.टी. ते दाखवितो, आणि शिरेतून औषधे देऊन थांबावे की पू काढावा हा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर होतो. ज्वर नसता मुलाचा डोळा दिवसागणिक झपाट्याने पुढे येत असेल तर मात्र संसर्ग नव्हे, तर पेशीजन्य घातक अर्बुदाची शंका मनात आणावी. अशा मुलास 'अजून चार दिवस औषध घेऊन पाहू' असे म्हणू नये.

काळ्या बुरशीचा, अर्थात म्युकरमायकोसिसचा अनुभव आपणां सर्वांस २०२१ मध्ये आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्र व गुजरात येथे या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना हा विकार साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले. लाट ओसरली, परंतु विकार गेलेला नाही; अनियंत्रित मधुमेह हे त्याचे मूळ क्षेत्र पूर्वीही होते व आजही आहे. मधुमेही रुग्ण एका बाजूचा गाल बधिर झाल्याचे, दात हलू लागल्याचे, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव येत असल्याचे सांगत असेल आणि त्याच बाजूची पापणी खाली आली असेल, तर तोंड उघडवून टाळू पाहावी. तेथे काळा डाग दिसला तर निदानासाठी आणखी काही पाहण्याची गरज नाही, धावपळीची आहे. सी.टी.मध्ये सायनसमधील अस्तराची जाडी, भोवतालच्या मेदातील धूसरपणा व अस्थींची झीज दिसते. आरंभी अस्थि शाबूत असू शकतात, म्हणून 'हाड खाल्लेले नाही' एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. मेंदू व मृदू भागांतील प्रसार पाहण्यास एम.आर.आय. अधिक उपयुक्त ठरतो. अंतिम निदान मात्र ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते.

आघाताचे रुग्ण निराळे. चेंडू, ठोसा, दुचाकीवरून पडणे यांनी खोबणीचा तळ किंवा नाकाकडील भिंत फुटते. गालाची व वरच्या ओठाची बधिरता, वर पाहताना दोन दिसणे, डोळा किंचित आत गेलेला वाटणे ही लक्षणे शोधावीत. पापणीखाली बोट लावले असता कुरकुर आवाज येत असेल तर सायनसमधील हवा आत शिरली आहे. अशा रुग्णास नाक शिंकरण्यास सक्त मनाई करावी, आणि नस्य तर मुळीच देऊ नये.

मुलांच्या बाबतीत येथे एक फसवी अवस्था आहे. मुलांची हाडे लवचीक असतात. तळाची भिंत सापळ्याच्या दारासारखी क्षणभर उघडते, पेशी वा मेद तीत अडकतो आणि दार मिटते. डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, काळेनिळे नाही. मूल मात्र वर पाहू शकत नाही, त्याला उलट्या होतात, नाडी मंद होते. पालक व वैद्य दोघांनाही वाटते की मार डोक्याला लागला. स्कॅनमध्येही भेग अगदी लहान दिसते. अडकलेल्या पेशीचा रक्तपुरवठा तुटत असल्याने ही शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांच्या आत होणे आवश्यक असते. मार लागल्यानंतर उलटी आणि मंद नाडी दिसली की मुलाला वर पाहावयास सांगावे. एवढी साधी गोष्ट त्याचा डोळा वाचवू शकते.

आघातानंतर डोळा पुढे आलेला, दगडासारखा कठीण, दृष्टी झपाट्याने जात असलेली, असा रुग्ण आल्यास तेथे सी.टी.चा विचारही करू नये. खोबणीत रक्त साचून दाब वाढला आहे. पापणीच्या बाहेरील कोपऱ्याचा बंध तातडीने कापून तो दाब सोडवावा लागतो. दीड-दोन तासांत दृष्टिपटलाची हानी कायमची होते. स्कॅनच्या रांगेत घालविलेला वेळ येथे परत मिळत नाही.

लेथ, ग्राइंडर किंवा छिन्नी-हातोडीवर काम करताना डोळ्यात काही उडाले, असे सांगणाऱ्याचा प्रथम सी.टी. करावा, एम.आर.आय. कदापि नव्हे. डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर चुंबकाच्या ओढीने तो आत सरकतो. धातू सी.टी.मध्ये लख्ख दिसतो. लाकूड मात्र फसविते. बाभळीची काटकी, बांबूची कामटी खोबणीत शिरून मोडली तर आरंभी ती हवेसारखी काळी दिसते आणि नजरेतून सुटते. म्हणून शेतकरी रुग्णाच्या चिठ्ठीत 'काटकी लागली' हे शब्द आवर्जून लिहावेत.

डोळे बटबटीत दिसू लागले, पापण्या वर ओढल्यासारख्या, त्याबरोबर धडधड व वजनात घट, हे चित्र अवटू ग्रंथीच्या विकाराचे होय. नेत्रगोल पुढे येण्याचे प्रौढांमधील सर्वांत मोठे कारण हेच, मग ते एका बाजूचे असो वा दोन्ही. स्कॅनमध्ये डोळा फिरविणाऱ्या पेशी जाड झालेल्या दिसतात. प्रथम खालची, मग नाकाकडील. जाडी पेशीच्या पोटात असते, नेत्रगोलास जेथे ती चिकटते तो कंडरा बहुधा शाबूत असतो. या रुग्णांस शक्यतो साधाच स्कॅन करतात, कारण रंगद्रव्यातील आयोडीन अवटूच्या विकारात अपाय करू शकते व पुढे किरणोत्सारी आयोडीनने तपासणी वा उपचार करावयाचा झाल्यास काही आठवडे अडथळा होतो. आपण अवटूसाठी कांचनार गुग्गुळ इत्यादी देत असलो तरी, रंग फिके दिसू लागले वा दृष्टी मंदावली की विलंब न लावता पाठवावे.

डोक्याला मार लागल्यानंतर काही दिवसांनी डोळा लाल, पुढे आलेला, आणि त्यात नाडीसारखे स्पंदन? पापणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकावे. फुसफुस ऐकू आली तर मेंदूच्या तळाशी धमनी व शिर यांचा मार्ग जुळला आहे. येथे रंगद्रव्यासह स्कॅन करतात.

सी.टी. नको असलेले दोन प्रसंग लक्षात ठेवावेत. तरुण व्यक्तीची एका डोळ्याची दृष्टी दोन-चार दिवसांत गेली, हलविताना दुखते, पण सूज वा पुढे येणे नाही, तर तो दृष्टिनाडीचा शोथ असण्याचा संभव, त्यास एम.आर.आय. हवा. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर दृष्टिपटलाच्या अर्बुदाची शंका घेऊन थेट नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे. सी.टी. त्यातील चुना सुरेख दाखवितो, तथापि या मुलांपैकी काहींत क्ष-किरणांमुळे पुढे दुसरे अर्बुद होण्याची प्रवृत्ती जन्मजात असल्याने आता एम.आर.आय.ला पसंती देतात.

तपासणीच्या दिवशी

रुग्णाला भीती यंत्रापेक्षा अज्ञाताची असते. त्यास सांगावे की यंत्र म्हणजे मोठ्या कड्यासारखे आहे, एम.आर.आय.सारखे लांब बोगदा नव्हे. टेबलावर उताणे झोपावयाचे, डोके वाटीसारख्या आधारात ठेवून पट्टा बांधतात. टेबल कड्यातून सरकते, यंत्र गुंजते. प्रत्यक्ष चित्रण काही सेकंदांचे. सारी तयारी धरून साध्या स्कॅनला दहा-पंधरा मिनिटे. त्या काही सेकंदांत डोळे फिरवावयाचे नाहीत. मिटून स्थिर ठेवावे, किंवा सांगितल्यास एका बिंदूकडे पाहावे. वेदना मुळीच होत नाहीत.

नथ, चमकी, कुड्या, केसांतील पिना, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी काढून ठेवावी. काजळ, सुरमा व धातुयुक्त अंजन आदल्या रात्रीपासून घालू नये व डोळे स्वच्छ धुवावेत, कारण पापणीवरील धातूचे कण चित्रात चमकून बाहेरच्या कणाचा भास उत्पन्न करू शकतात. नेत्रतर्पण चालू असेल तर त्या दिवशी खंड द्यावा. पोटात घेतलेल्या भस्मांमुळे खोबणीच्या चित्रात फरक पडत नाही.

रंगद्रव्य द्यावयाचे असेल तर प्रश्न वाढतात. ते आयोडीनयुक्त असून हाताच्या शिरेतून देतात. देताना सर्वांगात उष्णतेची लाट येते, तोंडात धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे क्षणभरच टिकते आणि आधी सांगितलेले असले तर रुग्ण घाबरून हलत नाही. अंगावर गांधी उठणे, मळमळ हे सौम्य त्रास थोड्यांना होतात. तीव्र प्रतिक्रिया आजच्या रंगद्रव्यांत दर दहा हजारांत सुमारे चार जणांना होते असे मोठ्या पाहणीत आढळले आहे. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पूर्वी रंगद्रव्याचाच त्रास झालेला असेल तर ती माहिती सर्वांत महत्त्वाची. मासे-कोळंबी सोसत नाही म्हणून रंगद्रव्यही सोसणार नाही, ही समजूत मात्र निराधार आहे. वृक्कांची कार्यक्षमता पाहण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनिन तपासतात. ती फारच मंद असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी तपासणीनंतर ४८ तास थांबविण्याचा सल्ला केंद्र देते. वृक्क निरोगी असता सहसा त्याची गरज पडत नाही. पुष्कळ केंद्रे चार तास उपाशी राहण्यास सांगतात. पाणी मात्र बंद करू नये, उलट तपासणीनंतर ते भरपूर प्यावे. स्तनपान थांबविण्याचे कारण नाही.

लहान मुलांना पूर्वी झोपेचे औषध द्यावेच लागे. आजची वेगवान यंत्रे असताना दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून निजविलेल्या तान्ह्याचे काम बहुधा तसेच भागते. औषध द्यावयाचे झाल्यास आईचे दूध ४ तास व जड अन्न ६ तास आधी बंद करतात.

किरणांविषयी रुग्ण हटकून विचारतात. खोबणीच्या स्कॅनची मात्रा सर्वसाधारणपणे १ ते २ मिलिसिव्हर्टच्या घरात असते. निसर्गतः आपण वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतच असतो. नेत्रमण्यास एका वेळी साधारण २० ते ५० मिलिग्रे मात्रा पोहोचते. मोतीबिंदूचा धोका संभवतो ती पातळी आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये पूर्वीहून पुष्कळ खाली आणली, तरी ती ५०० मिलिग्रे आहे. म्हणजे एका स्कॅनने डोळा बिघडत नाही. दर महिन्यास 'पाहू या कसे आहे' म्हणून स्कॅन करणे मात्र अनुचित. गर्भिणीने आपली अवस्था अवश्य सांगावी. डोक्याच्या स्कॅनमध्ये गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असल्याने, दृष्टी धोक्यात असता केवळ गर्भ आहे म्हणून तपासणी टाळीत नाहीत.

अहवाल हाती आल्यावर

अहवालात काही शब्द वारंवार येतात. 'प्रीसेप्टल' म्हणजे पापणीच्या पडद्यापुढे, 'पोस्टसेप्टल' म्हणजे त्यामागे. या दोहोंतील अंतर म्हणजे घरी उपचार आणि रुग्णालय यांतील अंतर. 'इंट्राकोनल' म्हणजे पेशींनी बनलेल्या शंकूच्या आत, दृष्टिनाडीच्या शेजारी. 'फॅट स्ट्रँडिंग' म्हणजे मेदातील धूसर रेषा, शोथाचे चिन्ह. दोन्ही गालफडांच्या अस्थींना जोडणाऱ्या रेषेपुढे नेत्रगोल २१ मिलिमीटरहून अधिक आला तर तो पुढे आलेला मानतात. 'एपिकल क्राउडिंग' म्हणजे खोबणीच्या टोकाशी दाटी, आणि 'टेंटिंग' म्हणजे नेत्रगोलाची मागची बाजू तंबूसारखी ताणली जाणे. हे शेवटचे दोन शब्द दिसले आणि रुग्ण अजून आपल्याच खोलीत बसलेला असेल, तर त्यास त्वरित रवाना करावे.

काही शब्द उलट अकारण घाबरवितात. सायनसमधील 'म्युकोसल थिकनिंग' निरोगी माणसांतही वरचेवर आढळते. तेवढ्यावरून महिनाभर नस्याचा क्रम आखणे बरोबर नाही. कागदी भिंतीतील 'डिहिसन्स' जन्मजात किंवा जुन्या माराचा असू शकतो. अहवालाच्या शेवटी 'लक्षणांशी ताडून पाहावे' असे वाक्य असते, ते केवळ शिष्टाचाराचे नव्हे. चित्र वाचणाऱ्याने रुग्णाच्या बाहुलीवर प्रकाश टाकून पाहिलेला नसतो. अहवाल निर्दोष असूनही दृष्टी मंदावत असेल तर दृष्टीवर विश्वास ठेवावा. चित्रे असलेली सी.डी. व फिल्म रुग्णास जपून ठेवण्यास सांगावी. सहा महिन्यांनी प्रश्न उद्भवला तर जुन्या चित्राशी तुलना हाच अनेकदा निर्णायक पुरावा ठरतो.

औषधविक्रेत्यांसाठी

लाल डोळ्याचा माणूस वैद्याआधी पुष्कळदा आपल्या काउंटरवर येतो. तेथे पाच प्रश्न पुरेत : दिसते नीट काय, डोळा हलविताना दुखते काय, एकाची दोन दिसतात काय, ताप आहे काय, मधुमेह आहे काय. पहिल्याचे उत्तर 'नाही' वा उरलेल्यांपैकी एकाचेही 'होय' आले तर थेंब न देता डॉक्टरांकडे पाठवावे. चिठ्ठीवाचून स्टेरॉइडयुक्त थेंब देणे कायद्याने निषिद्ध आहेच. त्याशिवाय या थेंबांनी लाली दोन दिवस मावळते आणि खोबणीतील विकार मागे वाढत राहतो. मधुमेही रुग्णास स्टेरॉइडच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर पुन:पुन्हा देणे तर काळ्या बुरशीस आवतण देण्यासारखे आहे. रंगद्रव्यासह स्कॅन ठरलेल्या वृक्करुग्णाने वेदनाशामक गोळ्या मागितल्यास, त्या तपासणीच्या दिवसांत टाळाव्यात असे सांगून डॉक्टरांना विचारण्यास सुचवावे. आपण विकलेल्या चूर्ण-गुटिकांची नावे एका कागदावर लिहून रुग्णाच्या हाती दिली, तर स्कॅन केंद्रातील डॉक्टर ती विचारतात तेव्हा 'आयुर्वेदिक काहीतरी घेतो' या मोघम उत्तराऐवजी त्यांच्यासमोर नेमकी यादी येते.